मूव्हिंग ॲव्हरेजच्या आधारे शेअरचा मध्यम मुदतीचा कल कसा ओळखावा

अमळनेर आणि शेअर बाजार यांचे नाते खान्देशात कोणाला सांगावे लागत नाही. १९४५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीने तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, तीच पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी तिचे शेअर न विकता पिढ्यानपिढ्या सांभाळले त्यांच्या हाती मोठी संपत्ती आली. या उदाहरणामुळे ‘शेअर घ्यावा आणि विसरून जावे’ हा विचार आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. दीर्घ मुदतीसाठी त्यात तथ्य आहेच. परंतु प्रत्येक कंपनी विप्रो होत नाही, आणि ज्याने दोन-तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंतच्या, म्हणजे मध्यम मुदतीसाठी पैसे घातले आहेत त्याला विसरून चालत नाही. याउलट जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा येथे मोबाइलवर मिनिटामिनिटाला भाव पाहणारेही आता पुष्कळ झाले आहेत. नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून आठवड्यातून एकदा शांतपणे भाव तपासू इच्छिणाऱ्या वाचकासाठी मूव्हिंग ॲव्हरेज, म्हणजे चल सरासरी, हे साधन सर्वांत सोयीचे आहे, असे माझे मत आहे.

रावेर-यावल पट्ट्यातला केळी उत्पादक एका दिवसाच्या भावावरून आपला अंदाज बांधत नाही. गेल्या पंधरवड्यात भाव कोणत्या अंगाने सरकतो आहे, हे तो पाहतो. शेअरच्या चल सरासरीचे कामही एवढेच आहे. रोजच्या चढउतारांची खळबळ ती बाजूला करते आणि भाव कोणत्या दिशेने चालला आहे ते दाखवते. उद्या काय होईल, हे ती सांगत नाही. जी सरासरी केवळ होऊन गेलेल्या भावांची बनलेली आहे तिच्याकडून भविष्याची अपेक्षा करणे, हे नवीन माणसाच्या निम्म्या नुकसानीचे मूळ आहे. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करावी: सरासरीची रेषा चढती आहे, उतरती आहे की आडवी आहे, हे आधी पाहावे, भावाने तिला छेद दिला की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

पहिली पायरी : शेअर आणि भावांची नोंद निवडणे

ज्या शेअरमध्ये रोज भरपूर उलाढाल होते, असाच शेअर या पद्धतीसाठी घ्यावा. जो शेअर आठवड्यातून दोनदा वरच्या किंवा खालच्या सर्किटला, म्हणजे बाजाराने एका दिवसासाठी घातलेल्या भावमर्यादेला, जाऊन थांबतो, त्याचा बंद भाव खऱ्या देवाणघेवाणीतून ठरलेला नसतो आणि अशा भावांची सरासरीही फसवी निघते. सुरुवातीला निफ्टी ५० किंवा निफ्टी नेक्स्ट ५० या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकांतल्याच कंपन्या घ्याव्यात. २०० दिवसांची सरासरी काढायची तर बाजाराची निदान २०० सत्रे, म्हणजे बाजार चालू असलेले २०० दिवस, झालेली असली पाहिजेत. वर्षाला साधारण २५० सत्रे होतात, त्यामुळे नुकत्याच नोंदणी झालेल्या कंपनीच्या बाबतीत हे साधन वापरता येत नाही.

दुसरी खबरदारी बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअरांत विभाजन) यांची. विप्रोने डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. ज्यांच्याकडे १०० शेअर होते त्यांचे २०० झाले आणि शेअरचा भाव त्या प्रमाणात निम्म्यावर आला. गुंतवणूकदाराचे नुकसान काहीच झाले नाही. परंतु एखाद्याने जुने भाव तसेच ठेवून सरासरी काढली असती, तर त्याला एका दिवसात भाव निम्मा झालेला दिसला असता, ५० दिवसांची सरासरी पुढचे कित्येक आठवडे भावाच्या खूप वर राहिली असती आणि २०० दिवसांच्या सरासरीतला दोष निघून जायला साधारण दहा महिने लागले असते. अशा तक्त्यावरून (चार्टवरून) कोणीही ‘जबरदस्त मंदी’ असाच निष्कर्ष काढील. म्हणून तक्त्यावरचे जुने भाव बोनस आणि स्प्लिट लक्षात घेऊन सुधारलेले आहेत ना, हे पाहून घ्यावे. बहुतेक ब्रोकरांच्या ॲपवरील तक्त्यांत ही सुधारणा आपोआप होते. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून भाव उतरवून घेतल्यास मात्र ती स्वतः करावी लागते.

दुसरी पायरी : एकदा तरी सरासरी हाताने काढणे

तक्त्यावर रेषा एका क्षणात उमटते. तरीही वही-पेन किंवा एक्सेल घेऊन एकदा सरासरी स्वतः काढावी, असा माझा आग्रह आहे. त्यातून जे उमगते ते तयार रेषा पाहून उमगत नाही.

समजा, एका शेअरचे सलग पाच सत्रांचे बंद भाव ४१२, ४१८, ४१५, ४२१ आणि ४२४ रुपये आहेत. बेरीज २,०९० येते आणि तिला पाचाने भागल्यावर सरासरी ४१८ येते. सहाव्या दिवशी भाव ४३० वर बंद झाला. आता सर्वांत जुना ४१२ हा भाव वगळायचा आणि ४३० मिळवायचा. बेरीज २,१०८ होते, सरासरी ४२१.६०. सातव्या दिवशी भाव चार रुपयांनी घसरून ४२६ वर आला. या वेळी ४१८ वगळला जातो आणि ४२६ येतो. बेरीज २,११६, सरासरी ४२३.२०. इथे थांबून विचार करावा. सातव्या दिवशी भाव पडला आणि तरीही सरासरी वाढली, कारण जो भाव बाहेर गेला तो आत आलेल्या भावापेक्षा कमी होता.

यातून असा नियम निघतो की ५० दिवसांची साधी सरासरी आज वाढते ती तेव्हाच, जेव्हा आजचा बंद भाव ५० सत्रांपूर्वीच्या बंद भावापेक्षा जास्त असतो. म्हणजे चढती रेषा काही गूढ सांगत नसते. आजचा भाव सुमारे अडीच महिन्यांपूर्वीच्या भावाच्या वर आहे, एवढेच ती सांगते. याचा एक उपयोग असा की पुढच्या आठ-दहा सत्रांत सरासरीतून कोणते जुने भाव गळणार आहेत, हे आजच तक्त्यावर दिसते. जे भाव गळायचे आहेत ते आजच्या भावापेक्षा बरेच वर असतील, तर शेअर जागेवर स्थिर राहिला तरी सरासरी खाली वळेल, आणि त्या वळणाला घाबरण्याचे कारण नसेल.

साधी सरासरी घ्यावी की एक्स्पोनेन्शियल, म्हणजे ईएमए, यावर बाजारात पुष्कळ वाद चालतात. ५० दिवसांच्या साध्या सरासरीत प्रत्येक दिवसाला सारखे, म्हणजे २ टक्के वजन असते. ईएमएमध्ये ताज्या भावाला दिले जाणारे वजन २ भागिले ५१, म्हणजे सुमारे ३.९ टक्के असते, आणि जुन्या भावांचे वजन हळूहळू कमी होत जाते. त्यामुळे ईएमए लवकर वळते. पण लवकर वळणारी रेषा चुकीच्या वळणावरही तितक्याच लवकर वळते. मध्यम मुदतीसाठी साधी सरासरी पुरेशी आहे. जी निवडाल तिच्यावर टिकून राहा. एका शेअरला एक आणि दुसऱ्याला दुसरी लावू नका.

तिसरी पायरी : रेषा लावणे आणि तिची दिशा वाचणे

ब्रोकरच्या ॲपवर तक्ता उघडून कालावधी ‘डेली’ ठेवावा. इंडिकेटरच्या यादीतून मूव्हिंग ॲव्हरेज दोनदा निवडावी; एकीची लांबी ५० आणि दुसरीची २०० ठेवावी, आणि दोन्हींसाठी बंद भाव हाच आधार घ्यावा. बाजार आठवड्याला पाच दिवस चालतो, त्यामुळे ५० सत्रे म्हणजे साधारण दहा आठवडे आणि २०० सत्रे म्हणजे साधारण चाळीस आठवडे. ज्यांना रोजचा तक्ता पाहायचाच नाही त्यांनी साप्ताहिक तक्त्यावर १० आणि ४० आठवड्यांच्या सरासऱ्या लावाव्यात. चित्र जवळपास तेच मिळते. २० दिवसांची तिसरी रेषा लावण्याचा मोह होतो, पण मध्यम मुदतीसाठी ती आवश्यक नाही.

आता दिशा. डोळ्यांनी पाहून रेषा चढती वाटते, पण मोबाइलच्या पडद्यावर तक्ता आखूड-लांब केला की तीच रेषा कधी उभी चढण तर कधी सपाट भासते. म्हणून दिशा आकड्यांत मोजावी. आजची ५० दिवसांची सरासरी आणि २० सत्रांपूर्वीची ५० दिवसांची सरासरी यांतील फरकाची टक्केवारी काढावी. मी स्वतः असा ढोबळ निकष ठेवतो की हा फरक एका टक्क्याच्या आत असेल तर रेषा आडवी मानायची. हा आकडा कोणत्याही शास्त्राने ठरवलेला नाही. ज्या शेअरमध्ये हेलकावे मोठे असतात त्याला दोन टक्के ठेवावेत. मुद्दा असा की ‘आडवी’ हा तिसरा पर्याय आपल्या वहीत असलाच पाहिजे. रेषा आडवी असेल, तर त्या शेअरला सध्या मध्यम मुदतीचा कलच नाही, आणि जिथे कल नाही तिथे कलावर आधारलेले साधन वापरून केवळ दलाली भरली जाते.

चौथी पायरी : भाव आणि दोन रेषा यांची मांडणी पाहणे

सर्वांत स्पष्ट स्थिती अशी: भाव सर्वांत वर, त्याखाली ५० दिवसांची रेषा, तिच्याखाली २०० दिवसांची, आणि दोन्ही रेषा चढत्या. हा तेजीचा कल होय. याच्या नेमके उलट, म्हणजे भाव सर्वांत खाली आणि दोन्ही उतरत्या रेषा त्याच्या वर, अशी मांडणी असेल तर कंपनी कितीही नावाजलेली असो, मध्यम मुदतीच्या खरेदीसाठी तिच्यापासून दूर राहावे.

अडचण मधल्या दोन स्थितींची असते. भाव ५० दिवसांच्या रेषेखाली आला, पण २०० दिवसांची रेषा अजून चढती आहे आणि भाव तिच्या वरच आहे, अशा वेळी तेजीतली विश्रांती चालू असण्याची शक्यता बरीच असते; हातातले शेअर घाईने विकू नयेत आणि नवीनही घेऊ नयेत. दुसरी स्थिती अधिक धोक्याची आहे. मोठ्या पडझडीनंतर भाव उसळून ५० दिवसांच्या रेषेवर येतो, परंतु वर २०० दिवसांची रेषा अजूनही उतरतच असते. शेअर ‘अर्ध्या किमतीत मिळतो आहे’ असे वाटून नवखा माणूस नेमका इथे शिरतो. अशा उसळ्या अनेकदा त्या उतरत्या रेषेजवळ येऊन थकतात, कारण वरच्या भावात अडकलेले लोक आपली मुद्दल सुटते आहे असे दिसताच विकू लागतात. निदान २०० दिवसांची रेषा आडवी होईपर्यंत थांबावे.

तेजीच्या मांडणीतही कोणत्याही भावाला खरेदी करू नये. भाव आणि ५० दिवसांची सरासरी यांतील अंतर टक्क्यांत काढावे. सरासरी ४०० आणि भाव ४६० असेल तर अंतर १५ टक्के होते. एवढ्या लांब गेलेल्या भावाच्या मागे धावण्यापेक्षा तो रेषेजवळ परत येण्याची वाट पाहणे शहाणपणाचे ठरते. तो रेषेजवळ आला की लगेच घ्यावा असेही नाही. तिथे टिकून पुन्हा मागच्या आठवड्याच्या उच्चांकावर बंद झाला, म्हणजे खरेदीदार परत आले आहेत असे समजण्यास आधार मिळतो.

आणि शेअरआधी निर्देशांक पाहावा. निफ्टी ५० स्वतःच उतरत्या २०० दिवसांच्या रेषेखाली असेल, तर चांगल्या मांडणीतले शेअरही ओढले जातात.

छेदांवर किती विसंबावे

५० दिवसांची रेषा २०० दिवसांच्या रेषेला खालून वर छेदते तेव्हा त्याला गोल्डन क्रॉस म्हणतात, आणि वरून खाली छेदते तेव्हा डेथ क्रॉस. या दोन नावांचा गाजावाजा त्यांच्या उपयोगापेक्षा कितीतरी मोठा आहे. साध्या सरासरीचा मध्य तिच्या कालावधीच्या निम्म्याने मागे असतो. म्हणजे ५० दिवसांची रेषा सुमारे २५ सत्रे आणि २०० दिवसांची सुमारे १०० सत्रे मागची हकिगत सांगत असते. अशा दोन रेषांचा छेद उशिरा पडणार, हे उघड आहे.

२०२० सालची पडझड हे त्याचे बोलके उदाहरण आहे. निफ्टी ५० हा निर्देशांक १४ जानेवारी २०२० रोजी १२,३६२ वर बंद झाला आणि २३ मार्च रोजी ७,६१० वर. ही ३८ टक्क्यांहून मोठी घसरण ५० पेक्षाही कमी सत्रांत पूर्ण झाली. म्हणजे बाजार तळाला पोचला त्या दिवशीही ५० दिवसांच्या सरासरीत जानेवारीतला शिखराचा भाव सामील होता. छेदाची वाट पाहत बसलेल्याला तो इशारा बहुतांश नुकसान होऊन गेल्यावरच मिळणार होता. याउलट भाव आणि २०० दिवसांची रेषा यांच्याकडे पाहणाऱ्याला इशारा बराच आधी मिळाला: २८ फेब्रुवारीला निफ्टी ११,२०१ वर, म्हणजे २०० दिवसांच्या सरासरीच्या खाली बंद झाला होता, आणि तिथून तो आणखी सुमारे ३२ टक्के पडला. म्हणून बाहेर पडण्यासाठी भाव आणि रेषा यांचे नाते पाहावे. दोन रेषांचा छेद हा फक्त मोठे चित्र बदलल्याची उशिराची पोच म्हणून वहीत नोंदवावा.

आडव्या बाजारात हेच नाते उलटे फिरते. भाव रेषेच्या वर जातो, दोन दिवसांनी खाली येतो, पुन्हा वर जातो, आणि प्रत्येक वेळी घेणारा-विकणारा थोडा थोडा कापला जातो. यावर दोन उपाय बरे चालतात. एक, रेषेपलीकडे सलग तीन बंद भाव मिळाल्याशिवाय काही करायचे नाही. दोन, रेषेच्या वर आणि खाली दोन-तीन टक्क्यांची पट्टी सोडायची आणि भाव त्या पट्टीबाहेर बंद झाला तरच दखल घ्यायची. दोन्हींमुळे थोडा उशीर होतो. तो उशीर पत्करावा.

पाचवी पायरी : खरेदीचा आकार ठरवणे

समजा, बाजूला काढलेली रक्कम दोन लाख रुपये आहे आणि एका व्यवहारात एक टक्का, म्हणजे २,००० रुपयांपेक्षा जास्त गमवायचे नाहीत असे ठरले आहे. शेअर ४२४ रुपयांना आहे, ५० दिवसांची रेषा ४१० च्या आसपास आहे आणि पट्टी सोडून ४०० खाली बंद झाल्यास विकायचे आहे. मग एका शेअरमागे जोखीम २४ रुपये. २,००० भागिले २४ म्हणजे ८३ शेअर, आणि लागणारी रक्कम ३५,१९२ रुपये. ही आकडेमोड खरेदीच्या आधी वहीत झालेली असावी. भाव रात्रीत बरेच खाली उघडला तर तोटा ठरवल्यापेक्षा जास्त होऊ शकतो, म्हणून तिमाही निकालाच्या तोंडावर नवीन खरेदी करू नये.

खर्चही याच वहीत मांडावा. प्रत्यक्ष शेअर घेऊन केलेल्या व्यवहारावर खरेदीला आणि विक्रीला प्रत्येकी ०.१ टक्के सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे व्यवहाराच्या रकमेवरचा कर, लागतो, आणि बारा महिन्यांच्या आत विकल्यास नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के अल्पमुदतीचा भांडवली नफा कर आहे. मध्यम मुदतीचे बहुतेक व्यवहार याच कक्षेत येतात. त्यामुळे वारंवार आत-बाहेर करणारी पद्धत कागदावर फायद्याची दिसली तरी हातात काय उरते, ते कर वजा करूनच पाहावे.

आठवड्याचा क्रम

शनिवारी अर्धा तास काढावा. निवडलेल्या दहा-पंधरा शेअरांसमोर चार रकाने करावेत: बंद भाव, ५० दिवसांची सरासरी आणि तिची दिशा, २०० दिवसांची सरासरी आणि तिची दिशा, आणि आपला निर्णय. ‘काही करायचे नाही’ हाही निर्णय असून तो लिहूनच ठेवावा. पैसे घालण्याआधी हाच नियम मागच्या पाच वर्षांच्या तक्त्यांवर हाताने तपासावा, आणि त्यासाठी आज वर असलेल्याच कंपन्या निवडू नयेत. त्या काळात कोसळलेल्या कंपन्याही घ्याव्यात, नाहीतर प्रत्येक नियम सोन्याचा वाटतो. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या टिपा या वहीत शिरू देऊ नयेत. सल्ला घ्यायचाच असेल तर देणाऱ्याची सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी आहे का, ते सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते.

सोने आणि कापसाबद्दल

आपल्याकडे अनेकांना शेअरपेक्षा सोन्यात आणि कापसात अधिक गती असते, त्यामुळे हीच पद्धत तिथे लावावी का, असा प्रश्न येतो. सोन्याला ती चांगली लागू पडते, परंतु एमसीएक्स या वस्तूंच्या वायदे बाजारातल्या वायदा भावांवर नव्हे. वायद्याचा करार ठरावीक तारखेला संपतो आणि पुढच्या महिन्याच्या करारात भाव वेगळा असतो. दोन करारांचे भाव एकापुढे एक जोडले की मध्ये खोटी उडी पडते आणि ती सरासरीत शिरते. कापसाच्या वायद्यात याबरोबरच उलाढाल अपुरी असण्याची भर पडते, म्हणून तिथे ५० किंवा २०० दिवसांच्या रेषेवरून काही ठरवू नये. सोन्यासाठी मात्र शेअर बाजारात नोंदलेल्या गोल्ड ईटीएफचा, म्हणजे सोन्यात पैसे गुंतवणाऱ्या आणि शेअरसारख्या खरेदी-विक्री होणाऱ्या फंडाचा, रोजचा बंद भाव घ्यावा. त्याला मुदत नसते, जुने भाव सलग मिळतात, आणि शेअरवरच्या करांचे आकडे सोडले तर वर सांगितलेल्या पायऱ्या त्यावर वापरता येतात.